भावना रोकडे आणि विहाराचा घुमट

भावना रोकडे मला पहिल्यांदा दिसली ती आमच्या इमारतीच्या गच्चीवर, उकिडवी बसून एका ओल्या डागाकडे टक लावून पाहताना. दिवाळी नुकतीच झाली होती आणि मी गोधड्या उन्हात टाकायला वर गेले होते. बदलापुरात पावसाळा संपला की प्रत्येक गच्चीवर शेवाळाचा काळा थर उरतो. तो काढायला सोसायटीने कुणाला तरी बोलावलंय, एवढंच मला ठाऊक होतं. कुणी दणकट गडी असेल असं मी धरून चालले होते. ही तर चाळिशीच्या आतबाहेरची, किरकोळ अंगाची बाई. पंजाबी ड्रेसवर नवऱ्याचा कंपनीतला पूर्ण बाह्यांचा शर्ट, गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि डोळ्यांवर मोठा पारदर्शक चष्मा.

मी एक पाऊल पुढे टाकलं, तशी ती मान वर न करताच म्हणाली, "तिथं नको, बाई. त्याचा पेपर चालू आहे."

माझं सगळं आयुष्य शाळेत गेलं, त्यामुळे मी जागच्या जागी थांबले. पाहिलं तर गच्चीवर खडूने तीन गोल आखलेले. एकात औषध पातळ, एकात मध्यम, एकात जास्त. सगळ्यात कमी औषधात शेवाळ कुठे मरतं ते ती पाहत होती.

"नापास झाला तर?" मी विचारलं.

"तर सगळी गच्ची परत घासायची आणि सेक्रेटरींच्या शिव्या खायच्या. त्यापेक्षा बसलेलं बरं."

बसणं हा तिचा खरा गुण आहे. माणसं काम सुरू करायची घाई करतात. ही आधी बसते, बघते, मग उठते.

पुढे ओळख वाढली. ती शेजारच्याच विंगमध्ये तळमजल्यावर राहायची. नवरा मुकेश अंबरनाथ एमआयडीसीत शिफ्टला, सासरे शंकरराव तिथल्याच एका वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आणि सासूबाई चांगुणाबाई, ज्यांच्या बोलण्यात मिरचीचं प्रमाण चढतं असायचं. भावनाने बरीच वर्षं एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली साफसफाईचं काम केलं. हायपो, म्हणजे ते तीव्र ब्लीचिंगचं औषध, कसं वापरायचं हे ती तिथेच शिकली. ठेका बदलला, जुन्या बायका घरी बसल्या. तेव्हा हिने ठरवलं की आता गच्च्या नि छपरं धुवायचं आपलंच काम काढायचं.

मुकेश भला माणूस, पण त्याला धास्ती होती. "पावसाळ्यापर्यंत बघ," तो म्हणाला होता. "नाही जमलं तर आमच्या कंपनीत पॅकिंगला तुझं नाव सांगून ठेवलंय."

पॅकिंगची नोकरी वाईट नव्हती. पण भावना मला म्हणाली, "बाई, भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर. खूप झालं. आता माझ्या कामाची वेळ मी ठरवणार." पावसाळ्याच्या आत काम उभं राहतं की नाही, यावर तिचं सगळं अवलंबून होतं.

अडचण हत्यारांची होती. सपाट गच्चीवर ती झारीने औषध शिंपायची आणि खराट्याने घासायची. पण सपाट गच्ची कुणीही घासतं. कामं होती ती उतरत्या स्लॅबची, पत्र्याच्या शेडची, जिथे माणूस उभा राहू शकत नाही. तिथे लांबून फवारायला पंप हवा.

एप्रिलमध्ये तसं काम आलं. चिखलोलीच्या बाजूला एका वस्तीत बुद्धविहार आहे. त्याला छोटा पांढरा घुमट. चार पावसाळ्यांत तो तव्यासारखा काळा झाला होता. समितीचे दौलतराव स्वतः आले. "जय भीम, भावनाताई. बुद्धपौर्णिमेच्या आत घुमट उजळला पाहिजे. मागे एकाने गाड्या धुवायचं मशीन मारलं, तर काळं राहिलं बाजूला, खालचा रंगच सोलून निघाला. त्याला मी विहारात पाय ठेवू दिला नाही परत."

"मला द्याल ना ठेवू?"

"घुमट बघून सांगतो," दौलतराव हसले. मग हळूच म्हणाले, "माझा भाचा तिकडच्या नव्या सोसायट्यांच्या फेडरेशनवर आहे. पौर्णिमेला येणार आहे. त्यांच्याकडे शेडच शेड आहेत. काम आवडलं तर वर्षभर पुरेल."

भावनाने लगेच होकार दिला आणि मग रात्रभर झोपली नाही, असं चांगुणाबाईंनी मला सांगितलं.

पंप बघायला आम्ही उल्हासनगरला गेलो. आम्ही म्हणजे भावना, शंकरराव आणि मी. मला खरं तर पडद्याचं कापड घ्यायचं होतं. पण पंपाच्या दुकानात जे बघायला मिळालं त्यापुढे कापड विसरले. दुकानदार भूपेशभाई सिंधी, गोल चेहऱ्याचे, पाटीएवढं हसणारे.

"बोला भाभी, क्या चाहिए? शेतीसाठी की गाडी धुवायला?"

"छप्पर धुवायला."

"छप्पर? फिर तो ये लो." त्यांनी नोकराच्या मदतीने एक पंप काउंटरवर आदळला. "पूरा पितळेचं हेड. हात लावून बघा. वजन बघा, वजन! नारळाच्या शेंड्यापर्यंत मारतो."

शंकररावांनी पंपाचं डोकं हाताने थोपटलं आणि त्यांचा चेहरा उजळला. हयातभर लेथवर बसून त्यांनी पितळेचे व्हॉल्व्ह कातले होते. पितळ म्हणजे त्यांचा माणूस. "बघ भावना, याला म्हणतात माल."

"भूपेशभाई, यातून हायपो मारला तर टिकेल?"

"हायपो म्हणजे? फिनाईल जैसा?"

"फिनाईलचा थोरला भाऊ."

भूपेशभाईंनी डोकं खाजवलं. "सच बोलू? औषधवाले लोक दुसरा नेतात." मग त्यांनी कोपऱ्यातून एक लहान पंप काढला. प्लास्टिकची बॉडी, आत पिस्टनऐवजी रबरी पडदा, बॅटरीवर चालणारा. जोर कमी, पण धार लांब जाते.

"हे खेळणं आहे," शंकरराव म्हणाले. "जत्रेत मिळतं."

शेतकऱ्यांचा पाठीवरचा पंपही भूपेशभाईंनी दाखवला. भावनाने तो अंगाला लावला आणि लगेच उतरवला. "टाकी गळली तर माझीच पाठ पांढरी होईल. ड्रम खाली जमिनीवर पाहिजे, नळी वर."

मग तिने लहान पंप उघडायला लावला. आतले वॉशर हातात घेऊन विचारलं, "हे काळं रबर कुठलं?"

"वो सादा. ये दूसरावाला महंगा."

"दोन्ही एकेक द्या. पितळेचं नोझल एक, प्लास्टिकचं एक. आणि ही आतली स्प्रिंग."

"और पंप?"

"पंप मागाहून."

"भाभी, खरेदीला आलात की स्थळ बघायला? पोहे खाऊन नुसत्या जाणार वाटतं!"

"स्थळ चांगलंय हो. आठवडाभर वागणूक बघते, मग उचलून नेते."

भूपेशभाई इतके हसले की त्यांनी चहा मागवला.

ती वागणूक बघायची तिची पद्धत अशी. घरी येऊन तिने लोणच्याच्या रिकाम्या बाटल्या घेतल्या, कामाला लागतं तेवढंच तीव्र औषध ओतलं आणि प्रत्येकीत एक वस्तू बुडवली. बाटल्या खिडकीबाहेरच्या ग्रिलमध्ये ओळीने ठेवल्या. येणारा-जाणारा थांबून बघायचा.

"शेजारीण विचारत होती, यंदा कसलं लोणचं घातलंय," चांगुणाबाई मला म्हणाल्या. "मी सांगितलं, सुनेचं डोकं मुरत घातलंय."

पण त्याही रोज सकाळी चष्मा लावून बाटल्या बघायच्या. आठवड्याभरात काळं रबर चिकट झालं आणि बोटाला काजळासारखं लागायला लागलं. स्प्रिंगला गंजाचे डाग पडले. महागाचा वॉशर आणि प्लास्टिकचं नोझल जसं टाकलं तसंच. आणि पितळेचं नोझल आधी काळवंडलं, मग त्याच्यावर हिरवट खपली धरली.

शंकररावांनी ते चिमट्याने बाहेर काढलं, उजेडाला धरलं आणि परत टाकलं. "हे पितळच नाही," ते म्हणाले. "भंगार वितळवून ओतलंय. आमच्या वेळचं पितळ असं करत नाही."

भावनाने भूपेशभाईंकडून प्लास्टिकचा पंप आणला, वॉशर महागाचे घातले, स्प्रिंग न गंजणारी बदलून घेतली, लांब नळी घेतली, फवारायची लांब दांडीही घेतली. तयारी झाली असं तिला वाटलं.

काम सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी शंकररावांनी तिच्या हातात एक पुडी ठेवली. आत पितळेचं नोझल. जुन्या वर्कशॉपमध्ये जाऊन, मालकाला गळ घालून, चांगल्यातल्या चांगल्या कांबीतून त्यांनी ते स्वतः कातलं होतं. धार पंख्यासारखी पसरावी म्हणून तोंडाला बारीक खाच. इतकं सुबक, की दागिना वाटावा. आणि त्याच्या कडेने, लग्नातल्या भांड्यांवर कोरतात तसं, भांड्यांच्या दुकानातून नाव कोरून आणलेलं: सौ. भावना मु. रोकडे.

"माझ्या नावाचा कधी साधा तांब्या केला नाही," चांगुणाबाई म्हणाल्या. "सुनेला नोझल!"

"तू कधी छपरावर चढलीस?" शंकरराव म्हणाले.

भावना माझ्याकडे आली तेव्हा ते नोझल तिच्या मुठीत होतं. "बाई, हे बाटलीत कसं टाकू हो? नाव कोरलेली वस्तू." थोडा वेळ तिने ते फिरवून पाहिलं. "एका दिवसाचं तर काम आहे. एका दिवसात काय होतंय?"

तिचा स्वभाव माहीत असून मीही मान हलवली.

विहारावरचा दिवस सुरेख सुरू झाला. तिने आधी समोरच्या पिंपळाच्या रोपाला भरपूर पाणी घातलं आणि त्याच्यावर प्लास्टिक पांघरलं, कारण औषधाचे थेंब पडले तर पानं जळतात, आणि ते रोप बोधगयेहून आणलेलं, दौलतरावांच्या जिवापलीकडचं. ड्रम आणि पंप खाली शंकररावांच्या ताब्यात. भावना कमरेला दोर बांधून घुमटाभोवतीच्या सपाट स्लॅबवर. औषधात थोडा साबण मिसळलेला, म्हणजे ते घरंगळत नाही, धरून बसतं.

"बाबा, सोडा!" ती वरून ओरडली आणि पंखा उघडावा तशी धार घुमटावर पसरली. घासणं नाही, झोडपणं नाही. ती फवारायची, मग मांडी घालून बसायची आणि बघायची. काळ्याचं तपकिरी झालं, तपकिरीचं राखाडी. वस्तीतली माणसं माना वर करून उभी. एक आजी म्हणाल्या, "अगं बया, चंद्र उगवल्यागत दिसतंय."

जेवणाच्या वेळेपर्यंत घुमटाचा पुढचा भाग पांढरा झाला. चांगुणाबाईंनी भाकऱ्या आणि वांग्याचं भरीत आणलं होतं. भावनाने दांडी दरवाजावरच्या कठड्याला टेकवली आणि खाली उतरली. एरवी ती आधी साध्या पाण्याने नळी धुते. त्या दिवशी भूक आणि कौतुक दोन्ही जास्त होतं.

जेवण आटोपून आम्ही वर पाहिलं. नोझलमधून ठिबकलेलं औषध दरवाजावरच्या पांढऱ्या भिंतीवरून ओघळलं होतं आणि त्या ओघळांना हिरवा रंग आला होता. नवा रंग दिलेली भिंत, बरोबर मधोमध.

दौलतराव कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "निळा असता तर निभावून नेला असता, भावनाताई," ते म्हणाले. "हिरवा कुणाला काय म्हणून सांगू?"

दोघेतिघे हसले, पण दौलतरावांच्या आवाजात हसू नव्हतं. पौर्णिमा तोंडावर आली होती. भाचा येणार होता. भावनाचा चेहरा उतरला होता.

तेवढ्यात चांगुणाबाई पदर खोचून निघाल्या. शेजारच्या घरातून लिंबं मागून, कापून, दोन्ही मुठीत घेऊन शिडीकडे. "पितळेचा हिरवा डाग ना? जन्मभर भांडी घासली मी. लिंबू लावलं की पळतो."

"आई, थांबा!" भावना इतक्या जोरात ओरडली की चांगुणाबाईंच्या हातातलं एक लिंबू पडलं. "हायपोवर आंबट पडलं तर वायू सुटतो. छातीत भरतो. कंपनीत एकीला उचलून न्यावं लागलं होतं."

"मग डाग काय पूजायचा?"

"लिंबूच लावायचं. तुमचंच औषध. पण आज नाही. आज भिंत नुसत्या पाण्याने धुवायची, परत धुवायची, रात्रभर वाळवायची. उद्या लिंबू."

चांगुणाबाईंनी लिंबं ओट्यावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझंच औषध म्हणाली. ऐकलंत ना?"

दौलतरावांनी विचारलं, "पण हिरवं आलं कुठून?"

भावनाने शंकररावांकडे पाहिलंही नाही. "नळी जुनी होती," ती म्हणाली. "माझं लक्ष राहिलं नाही."

नळी भूपेशभाईंच्या दुकानातली कोरी होती. ते शंकररावांनाही माहीत होतं. ते शिडीने अर्धे वर चढले, दांडी खाली घेतली, नोझल सोडवलं आणि अंगठ्याने घासलं. सुनेच्या नावाच्या अक्षरांत हिरवट खपली भरली होती. धारेची बारीक खाचही खाल्ली गेली होती.

"नळीत दोष नाही," ते दौलतरावांना म्हणाले. "हे मी केलंय. हिने बाटलीत बुडवून दाखवलं होतं, मी म्हणालो पितळ भंगाराचं आहे. हे तर माझ्या हातचं."

भावना म्हणाली, "बाबा, मीच लावलं ना ते."

"लावशील नाही तर काय करशील? सासऱ्याने नाव कोरून दिलं, तू काय गटारात टाकणार?" ते दौलतरावांकडे वळले. "उद्याचा दिवस द्या. घुमटाची मागची बाजू नि ही भिंत, दोन्ही करून देतो. नाही झालं तर मला येऊ देऊ नका विहारात."

"तुम्हाला कसं अडवू? तुमची वर्गणी आहे," दौलतराव म्हणाले, आणि आता त्यांना खरंच हसू आलं.

शंकरराव तडक रिक्षा करून वर्कशॉपला गेले. नंतर त्यांनी मला सगळं सांगितलं. मालकाकडे पांढऱ्या टेफ्लॉनचा एक लांब तुकडा पडला होता, ज्याला कुठलंच औषध चावत नाही. त्यांनी आयुष्यात तो कधी कातला नव्हता. "हत्यार लावलं की लोण्यासारखं जातं हो, बाई. धातू कसा उलट बोलतो, मग आपल्याला कळतं कुठे थांबायचं. हे मुकाट्याने ऐकतं, म्हणून चूक होते." पहिलं नोझल वाया गेलं, दुसऱ्याची खाच वाकडी आली. तिसरं नोझल घेऊन ते घरी आले, आणि भावनाने काही विचारायच्या आत स्वतःच म्हणाले, "बाटली आण."

"बाबा, राहू द्या."

"आण म्हणतो ना. तुझी पद्धत आहे, ती माझ्यासाठी मोडायची नाही."

सकाळी ते जसंच्या तसं निघालं. एका रात्रीने पूर्ण खात्री होत नाही हे भावनालाही कळत होतं, पण आदल्या नोझलने अर्ध्या दिवसातच रंग दाखवला होता.

दुसऱ्या दिवशी वाळलेल्या भिंतीवर चांगुणाबाई आणि वस्तीतल्या बायका लिंबाच्या पाण्यात फडकी भिजवून लागल्या. हिरवे ओघळ फिके होत गेले आणि गेले. भिंत पुन्हा पाण्याने धुऊन काढल्यावर भावना घुमटाच्या मागच्या बाजूला गेली. नव्या नोझलची धार थोडी डावीकडे जायची. ती तेवढी उजवीकडे सरकून उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत सगळा घुमट पांढरा झाला. उतरल्यावर तिने आधी पंपातून साधं पाणी सोडलं, नळी धुतली, दांडी धुतली आणि मगच चहा घेतला.

पौर्णिमेला मी खीर खायला गेले होते. दौलतराव भाच्याला घेऊन विहाराभोवती फिरत होते. "रंग दिला का नवीन?" भाच्याने विचारलं.

"रंग नाही, धुतलाय," दौलतराव म्हणाले. "या आमच्या भावनाताईंनी."

भाच्याने लगेच काही कबूल केलं नाही. आधी एक शेड करून दाखवा म्हणाला. तिने तिथेही खडूने गोल आखले आणि बसली. तो ताटकळला, चिडला, दोनदा घड्याळ बघून गेला. पण शेड झाल्यावर पुढच्या दोन शेडही त्याने तिलाच दिल्या आणि मुकेशने पॅकिंगला सांगितलेलं नाव परत घेतलं. मुकेश घरी येऊन म्हणाला, "ते विचारत होते, बायको कुठे लागली? मी म्हणालो, छपरावर."

आता भावनाकडे दोन पंप आहेत आणि हाताखाली तिच्याच जुन्या कंपनीतल्या दोघी बायका. कुठलंही नवीन नोझल, वॉशर किंवा नळीचा तुकडा आधी बाटलीत जातो, मग छपरावर. यंदा तिने चिखलोलीला एक लहानसा गाळा भाड्याने घेतला आहे. तो सकाळी दहाला उघडतो आणि गुरुवारी बंद असतो.